पंप मागवायच्या आधी होस अदलाबदल करून बघा

स्किड-स्टीअर लोडर (दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या लिव्हरने फिरवून वळणारा छोटा लोडर) गरम झाल्यावर डावीकडे ओढतो, म्हणजे आतल्या आत ऑइल लीक होऊन हायड्रॉलिक पंपच गेला, असं एकाने लिहिलंय. आतल्या आत ऑइल लीक होतंय इथपर्यंत पटतं, पण ते पंपातच होतंय कशावरून? प्रत्येक बाजूला वेगळा पंप न् वेगळी मोटर (पंपाच्या ऑइलवर चाकं फिरवणारी) असते, चार्ज पंप (दोन्ही पंपांना ऑइल पुरवत राहणारा छोटा पंप) तेवढा दोघांत एकच, म्हणजे दोन्ही बाजू ढेपाळल्या असत्या तर ऑइल लेव्हल, फिल्टर, सक्शन होस, चार्ज प्रेशर हे बघायचं. इथे एकच, डावी बाजू कमजोर आहे, त्यामुळे आधी दोन्ही बाजूंच्या टायरमधली हवा आणि लिव्हरचं लिंकेज तपासा, ते ठीक असेल तर पंपाकडून मोटरला जाणारे डावे-उजवे होस आपापसात बदला. दोष उजवीकडे सरकला तर पंपाची बाजू, डावीकडेच राहिला तर मोटर. इंजिन बंद, प्रेशर पूर्ण उतरलेलं, आर्म खाली किंवा लॉक लावून, मग स्पॅनर लावायचा. यानंतर डावा लिव्हर उजवी चाकं फिरवणार हे लक्षात असू द्या, म्हणून आधी मशीन स्टँडवर उचलून दिशा बघा. दोष मात्र लोडवरच दिसेल, तेव्हा शेवटी मोकळ्या जागेत सावकाश चालवावं लागेलच.

आणि चेनकेसचं (चाकं फिरवणाऱ्या चेन ज्या ऑइलच्या पेटीत असतात तिचं) प्लग उघडून ऑइल बघाच, कोणी न टाकता तिथली लेव्हल वाढली असेल तर मोटरचं शाफ्ट सील गेलंय आणि हायड्रॉलिक ऑइल तिकडे उतरतंय.