व्हेनिस, बाळ आणि बाबागाडी: हॉटेल कुठे घेऊ? मदत हवी आहे (घाई आहे)

मृद्गंध_८: व्हेनिसला तीन रात्री आहोत. बाबागाडी न्यायची की नाही? हॉटेल सान मार्को या मुख्य चौकाजवळ घेऊ की खाडीपलीकडच्या मेस्त्रेला? आज रात्रीपर्यंत बुक करायचंय, नंतर दर वाढतील. कृपया नेमकं सांगा.

गोदाकाठ: बाळ किती महिन्यांचं? वजन? कोणता महिना? सामान किती? एवढं कळल्याशिवाय नेमकं काय सांगणार?

शेवंती: शेंगेन व्हिसाला ६ वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही, पण अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो.

मृद्गंध_८: @शेवंती व्हिसा झालाय. बाळ १० महिन्यांचं, ९ किलो. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दोन मोठ्या बॅगा.

तिरकी_छत्री: मग बाबागाडी घरीच ठेवा. ४०० च्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. बाळाला अंगावर बांधायचं, कमरेला पट्टा असलेलं कॅरिअर घ्या, विषय संपला.

गोदाकाठ: संपला नाही. ९ किलोचं बाळ दिवसभर अंगावर, वर डायपरची पिशवी. दुपारी झोपवणार कुठे? दोन्ही न्या. गाडी मात्र ६-७ किलोची, एका हाताने मिटणारी हवी. चाकं फार लहान नकोत, फरशीच्या फटीत अडकतात.

पुलावर दोघं असाल तर एकाने दांडा, दुसऱ्याने पुढची चौकट धरून उचला. एकटे असाल तर पाठमोरं होऊन मागच्या चाकांवर एकेक पायरी वर ओढा. उतरताना गाडी मागे कलती ठेवून तुम्ही मागे. बाळाचा पट्टा आधी लावा. दांड्याला जड पिशवी अडकवू नका, उचलताना सगळा तोल मागे जातो. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या दगडाच्या असतात, पाऊस पडला की घसरतात.

तिरकी_छत्री: म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस वेळा उचलायची. हेच तर म्हणतोय.

लाटांचा_प्रवासी: वीस वेळा उचलावी लागत नाही, बोटीने फिरा. वॅपोरेटोची (तिथली सार्वजनिक बोट) १ नंबरची लाइन मोठ्या कालव्यातल्या जवळजवळ सगळ्या थांब्यांवर थांबते. मधे मोकळी जागा असते, गाडी तिथे उभी करा, ब्रेक लावा. ४.१, ४.२, ५.१, ५.२ या बोटी लहान, बसायला आत पायऱ्या उतराव्या लागतात, त्या टाळा. एकेरी तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. तीन दिवसांचा पास काढा. ६ वर्षांखाली मोफत.

सान मार्कोला जाताना 'सान झक्कारिया'ला उतरू नका, तिथून चौकात यायला पायऱ्यांचा पूल लागतो. 'सान मार्को वाल्लारेस्सो'ला उतरलं की पूल नाही. रियाल्तोच्या बाजारातून पलीकडे जायचं तर 'रियाल्तो मेर्कातो' ते 'का द'ओरो' एकच थांबा, कालवा बोटीनेच ओलांडा.

शेवंती: फ्लोरेन्सला जा ना, मध्यभाग सपाट आहे.

गोदाकाठ: नोव्हेंबर म्हणजे भरतीचं पाणी लक्षात घ्या. भरतीचा अंदाज साधारण ११० सेंटीमीटरला गेला की पाणी अडवायला समुद्रातले दरवाजे उचलतात. सान मार्को चौक त्याआधीच ओला होतो, ८०-९० ला. चालायला फळ्या टाकतात, पण त्या अरुंद, दोन्ही बाजूंनी गर्दी, तिथे बाबागाडी नको. काही तासांत पाणी उतरतं, तेव्हा जा. ऑक्टोबरअखेर मॅरेथॉनसाठी काही पुलांवर उतार बसवतात, ते पुढे काही आठवडे राहतात, त्याचा तुम्हाला फायदा.

काकडआरती: बाळाचं खाणं? घरचं साजूक तूप नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बाळाचं दूध पावडर चालतं, माणशी २ किलोपर्यंत, कंपनीच्या बंद डब्यात. नाचणीसत्त्व चालतं, डब्यावर नाव लिहा. तिथे डायपरला 'पान्नोलिनी' म्हणतात. प्याझ्झाले रोमा या बसच्या चौकात कोऑप सुपरमार्केट आहे.

मृद्गंध_८: तुपाशिवाय खिचडी खात नाही तो! बरं, हॉटेल?

काकडआरती: तिथे लोणी मिळतं, कढवा.

लाटांचा_प्रवासी: मेस्त्रे स्वस्त, ट्रेनने दहा-बारा मिनिटं. पण दुपारी बाळाला खोलीवर नेता येत नाही, सगळी दुपार जाते. स्टेशनजवळ 'लिस्ता दि स्पान्या' रस्ता बघा. स्टेशन आणि 'फेर्रोविया' हा बोटीचा थांबा, दोन्ही पुलाशिवाय, बॅगा ओढत जाता येतं. रस्त्यापुढचा गुल्ये पूल ओलांडायचा नाही, त्याच्या अलीकडेच खोली घ्या.

मृद्गंध_८: एक मिळालंय, पत्ता कान्नारेज्यो वॉर्ड, घराचा ३ आकडी नंबर. लिस्ताच असेल ना?

गोदाकाठ: नंबर अख्ख्या वॉर्डाला सलग देतात, त्यावरून रस्ता कळत नाही. हॉटेलला तीन प्रश्न पाठवा: सर्वांत जवळचा वॅपोरेटो थांबा कोणता, मधे पायऱ्यांचे पूल किती, खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का. "क्वान्ती पोन्ती?" एवढं लिहिलं तरी समजतात.

मृद्गंध_८: उत्तर आलं. पूल एकही नाही. तिसरा मजला. लिफ्ट नाही.

तिरकी_छत्री: सांगितलं होतं, कॅरिअर!

गोदाकाठ: खालच्या मजल्याची खोली मागा. नसेल तर बाबागाडी रात्री खाली रिसेप्शनपाशी ठेवता येते का विचारा, रोज वर न्यायची नाही. बॅगा वर कोण नेऊन देणार, हेही आत्ताच विचारून घ्या.