कोकणी माणसाचा ‘स्वभाव’ लेखकाला का विचारायचा?

खाडीकाठ (चिपळूण)
गेल्या रविवारी इथे एका कादंबरीकारांची प्रकट मुलाखत झाली. दीड तास रंगली. शेवटी नेहमीचा प्रश्न आलाच, कोकणी माणूस असा का? उत्तरही पाठ झालेलं. वरून काटे, आत गरे. शिवाय टोपलीतले खेकडे, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो. सभागृह हसलं. मला वाईट वाटलं.

माझ्या वडिलांचा चुलत्यांशी वीस वर्षं दिवाणी दावा चालला. लोक म्हणायचे, कोकणीच ते, भांडायचेच. सातबाऱ्यावर सतरा नावं, निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद नाही, वाटप नाही. मग बांधावरचा काजू कुणाचा? हा जमिनीचा गुंता आहे, रक्तातला दोष नाही. आणि एकी नाही म्हणता? अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ साली संप केला, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून वर्षानुवर्षं खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, शेतं पडीक ठेवली. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. खेकडे संप करतात का? अभ्यासकांना बोलवा आणि हे विचारा. स्वभाव विचारणं बंद करा.

गजालवाला (मालवण)
दादानू, माका ह्या पटला नाय. लेखकाला तलाठी करू नका. फणसाची उपमा आमच्या आजीने आजोबांना दिली होती, तिने कुठली कादंबरी वाचली नव्हती. आपलीच भाषा लेखकाने परत केली तर राग कसला? आणि जमिनीचे तुकडे देशावरही आहेत. आमच्या गावात मानावरून दोन वर्षं पालखी अडली. तिथे कुठला सातबारा होता? माणसाच्या वागण्यात हट्ट असतो, मत्सर असतो. तो कायद्यात सापडायचा नाही. तो कथेतच सापडतो.

माजघर (गुहागर)
तुम्ही दोघंही ‘माणूस’ म्हणताना पुरुषच धरलाय. वडील गिरणीत, आई गावात. भात, गुरं, सासू, आजारपणं तिच्याकडे, त्यांच्याकडून महिन्याची मनीऑर्डर. १९८२च्या संपानंतर ते कायमचे घरी आले तेव्हा कणगीत भात किती, हे त्यांना तिला विचारावं लागलं. ते अबोल झाले, चिडके झाले. तोही ‘कोकणी स्वभाव’च ठरला. व्यासपीठावर आईसारख्या बायकांचा उल्लेख ‘सोशिक’ या एका शब्दात उरकतात. ती सोशिक नव्हती. रात्री चुलीपुढे बसून मोठ्याने भांडायची, समोर कुणी नसताना. मी ऐकलंय.

बाणकोटवाला
खाडीकाठदादा, प्रश्न बंद करू नका, फक्त आम्हा कोकणी मुसलमानांनाही विचारा. माझ्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे, घरी कोकणी बोलतो, तरी कार्यक्रमात नाव सांगितलं की ‘मूळचे कुठले?’ होतं. समाजसुधारक हमीद दलवाई तुमच्या चिपळूणशेजारच्या मिरजोळीचे. १९६६ साली तलाकविरोधात सात स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आडनावं रोहेकर, पेणकर. कोकणी माणसाची चर्चा होते तेव्हा हे सगळे कुठे असतात?

खाडीकाठ (चिपळूण)
गजालवाले, पालखीचं रात्रभर डोक्यात होतं. मानही वारशानेच येतो, म्हणजे तोही हक्कच, असं म्हणणार होतो. पण त्याने दोन वर्षांचा हट्ट उलगडत नाही. इथे तुमचं बरोबर. फणसाबद्दल मात्र नाही. आजीने एका माणसाला म्हटलं होतं, व्यासपीठावरून अख्ख्या मुलखाला म्हणतात.

बाणकोटवाले, तुमचा प्रश्न मी लिहून घेतलाय. पुढच्या महिन्यात समाजशास्त्राच्या एक प्राध्यापिका येणार आहेत. शेवटचा अर्धा तास श्रोत्यांना द्या, असं आयोजकांना सांगून आलो. तुम्हीच येऊन विचारा. माजघरताई, आईंना आणाल का?

माजघर (गुहागर)
गुडघ्यांमुळे एसटीत चढवत नाही तिला. विचारते.