जुन्या बुलेटचे इंजिन उघडले आहे, सामान कुठून घ्यावे? (गोवा)

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन. याच गाडीवर ते पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) म्हणून भाडी मारायचे, पिवळा मडगार्ड अजून तसाच आहे. गेले काही पावसाळे पडवीत उभी होती, किक जाम झाली म्हणून इंजिन उघडले. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भोकाला) गंज, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे टोक) ढिला, व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. पिस्टन-रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँक पिन, गाइड आणि गास्केट सेट हवा आहे. बजेट सामान आणि मशीनकाम मिळून १५ हजार. म्हापशात विचारले, पण डबा कंपनीचा आणि आतला माल भलताच वाटला. चवथीपूर्वी गाडी चालू व्हावी अशी फार इच्छा आहे.

म्हापशेकर_३५०
दिल्ली, करोल बाग. दुसरीकडे बघूच नका. मी अख्खे इंजिन, रिमा, सायलेन्सर सगळे तिथून मागवले. ४० हजार गेले, पण गाडी बघायला लोक थांबतात. १५ हजारांत काही होत नाही, बजेट वाढवा.

पर्वरीतला_कोल्हापूरकर
दिल्ली कशाला? कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा. बोअरिंग, क्रँक, सगळे एका गल्लीत होते. आमच्याकडचे टर्नर हाताने माप सांगतात.

फोंडेकर
हाताने सांगितलेल्या मापावर पिस्टन घेऊ नका. डिचोलीकर, सामानाच्या आधी बॅरल (सिलिंडर) आतून मोजून घ्या. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे. स्टँडर्ड बोअर ७० मिमी. त्यानंतर बोअर कापून मोठा केला की पिस्टन २०, ४० आणि ६० थाउ (इंचाचा हजारावा भाग) मोठे मिळतात. बाबांच्या हातून आधी किती बोअरिंग झाले ते जुन्या पिस्टनच्या माथ्यावर कोरलेले असेल. पिस्टन आधी घ्यायचा आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यायचा, उलटे कधीच नाही.

सासष्टीकार
इंजिन उघडलेच आहे तर पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. माझी पहिल्या किकला उठते, भर पावसातसुद्धा.

म्हापशेकर_३५०
पॉइंटवाल्या गाडीचा ठोकाच वेगळा. शिवाय वाटेत बंद पडली तर पॉलिश पेपर मारून घरी येता येते. तुमचे ते युनिट गेले की टेम्पोच.

सासष्टीकार
माझे अजून गेलेले नाही.

पेडण्याचो_राजू
मी ऑनलाइन पिस्टन मागवला. डब्यावर ६०, माथ्यावर ४०. परत घ्यायला तयार नाहीत. पैसे बुडाले ते बुडालेच. दुकानात उभे राहून, हातात धरून घ्या.

बुलेट_प्रेमी_काणकोण
करोल बागेत चौकशी केली का? तिथे सगळे मिळते. आणि ऑइल २०डब्ल्यू५० च घाला.

फोंडेकर
ऑइलचे नंतर बघू. बिग एंड ढिला का झाला ते आधी शोधा, नाहीतर नवा रॉडही जाईल. या इंजिनात क्रँकच्या टोकाला वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) असतो, तो दोन्ही ऑइल पंप फिरवतो, आणि टायमिंग कव्हरमधल्या कॉर्क सीलमधून ऑइल क्रँकमध्ये शिरते. ते सील सुकले की ऑइल बिग एंडपर्यंत पोचतच नाही. सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, पण गास्केट सेटमध्ये असेलच असे धरू नका, वेगळी मागा. वर्मचे आटे उलटे आहेत, नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर मोडेल. रॉड बदलल्यावर फ्लायव्हील डायल गेज लावून सरळ करणाराच मेस्त्री निवडा. माझे बरेचसे काम बेळगावला उद्यमबागेत झाले आहे, कोल्हापूरइतके लांब जावे लागत नाही.

पर्वरीतला_कोल्हापूरकर
अंतर बघून काम ठरवायचे नसते.

डिचोलीकर
सगळ्यांचे आभार. फोंडेकर बाब, बॅरल मोजून घेतले. आधीच ६० वर आहे आणि गंजाचे खड्डे खोल आहेत, म्हणजे आता बोअरिंगला जागा नाही.

म्हापशेकर_३५०
मग विषयच संपला. नवीन बॅरल-पिस्टन किट घ्या.

फोंडेकर
इथे म्हापशेकरांशी सहमत. ६० च्या पुढे नवीन बॅरल बरे.

सासष्टीकार
नवीन बॅरलच. आणि इग्निशन.

डिचोलीकर
ठरवले. बॅरल बदलत नाही. स्लीव्ह (आतून नवे नळकांडे) घालून परत स्टँडर्ड करून घेतो, पिस्टन स्टँडर्डचा. बाबांनी ज्या बॅरलवर घर चालवले ते मला भंगारात टाकायचे नाही. उद्यमबागेतल्या एका मेस्त्र्याशी बोललो, स्लीव्ह बसवून होनिंगही (आतून बारीक घासाई) तोच करून देतो. बॅरल आणि क्रँक घेऊन सोमवारी कदंबने बेळगावला जातो. रॉड तिथेच, त्याच्यासमोर घेईन. गाइड आणि गास्केट इथे मडगावात मिळाले. पॉइंट तसेच राहतील. चवथ हुकली तर हुकली.

फोंडेकर
स्लीव्ह घट्ट बसली पाहिजे आणि वरची कडा बॅरलच्या तोंडाशी एकसारखी आली पाहिजे, नाहीतर हेडमधून गळेल. घासायला लावा, लाजू नका.

पेडण्याचो_राजू
ते कॉर्क सीलही मडगावात मिळाले का, आणि कुठल्या भागात, ते लिहा हं. मलाही हवे आहे.