पाककृती फुकट देते, मग पैसे कशातून? (सल्ला हवा)

फोंड्याची_सुगरण
नमस्कार मंडळी. तीन वर्षं गोव्याकडच्या जेवणाची वेबसाइट आणि यूट्यूब चॅनल चालवते. खतखतं, बांगड्याची उडदमेथी, पातोळ्या, माटोळीची (गणेशचवथीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांची) यादी, सगळं फुकट. यूट्यूबची १००० सदस्य आणि वर्षात ४००० तास पाहिलं जाण्याची अट गेल्या दिवाळीत पुरी झाली, जाहिराती लागल्या. पण १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, आणि पहिले १०० जमायला मला सात महिने लागले! महिन्याच्या इसवण मासळीचा खर्चही निघत नाही. नवरा म्हणतो साइटला कुलूप लाव, वर्षाला २९९ रुपये घे. लावू का?

म्हापशेकर
लावा की. फुकट ते पौष्टिक वाले कमी होतील.

डिचोलीकर
ताई, कुलूप नको. खतखत्याची कृती तुम्ही बंद केलीत तर लोक पुढच्या चॅनलवर जातील, विषय संपला. आणि जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के यूट्यूब देतं खरं, पण तो लाखांनी बघणाऱ्यांचा खेळ आहे. झिरोधा या शेअर दलाल कंपनीचं व्हर्सिटी बघा. शेअर बाजाराचे धडे सगळ्यांना फुकट, कंपनीचं पोट भरतं ब्रोकरेजवर, म्हणजे व्यवहारांच्या दलालीवर. तुमचं ब्रोकरेज कुठलं ते शोधायचं.

मी आत्ता तुमच्या उडदमेथीच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. चौघांनी त्यातल्या मसाल्याबद्दल एकच विचारलंय, "तिरफळं ठाण्यात कुठे मिळतील?" आणि तुम्ही चौघांनाही "बाजारात बघा" म्हणून मोकळ्या! अहो, गिऱ्हाईक दारात उभं आहे. सुकी तिरफळं, बिया काढून, ५० ग्रॅमची पाकिटं. जोडीला कोकमाची सोलं. पत्ता आणि यूपीआय घ्या, कुरियरने पाठवा. एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी मात्र आधी करा, घरगुती असलं तरी लागते.

दुसरं म्हणजे माटोळीचं पान. चवथीआधीच्या पंधरवड्यात ते किती जणांनी उघडलं, तो आकडा काढून बाजारातल्या पूजा साहित्याच्या दुकानदाराला दाखवा. महिनाभराच्या जाहिरातीचे तो रोख देईल. फक्त वर ठळक "जाहिरात" लिहा, एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे २०२१ पासून तसे नियम आहेत. आणि न वापरलेल्या वस्तूचं कौतुक पैसे घेऊन करू नका. मी माझ्या ब्लॉगवर एका मिक्सरच्या बाबतीत हा शहाणपणा केलाय. जुने वाचक गेले ते आजतागायत फिरकले नाहीत.

म्हापशेकर
तिरफळांचं पटलं. कुलूप मागे घेतो.

दादरची_माहेरवाशीण
दोन पाकिटं माझी, आत्ताच लिहून ठेवा. शिवाय पातोळ्यांचा ऑनलाइन वर्ग घ्या, त्याचे पैसे आनंदाने देईन. तुमचा व्हिडिओ सात वेळा पाहिलाय, तरी हळदीचं पान दुमडताना चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) बाहेर येतोच. माझा हात बघून कोणीतरी ओरडायला हवं.

फोंड्याची_सुगरण
@माहेरवाशीण, पीठ जाड लावत असणार. पातळ लावा आणि कडेला बोटभर जागा सोडा. (हे फुकट!) वर्ग चवथीआधी दोन रविवार घेईन, आठच जणी, म्हणजे प्रत्येकीचं पान दिसेल.

डिचोलीकरदादा, सासूबाईंना विचारलं. माळ्यावर गेल्या पावसातली दीड किलो तिरफळं आहेत. दुपारपासून बिया काढतोय. कुलूपवालेही सुपासमोर बसलेत.