शेवंतीवरचे पांढरे फोड: भुरी नव्हे, तांबेरा वाटतो

ताई, तुम्ही लिहिलंय की शेवंतीच्या पानांखाली पांढरे फोड आलेत, आणि वर दोघांनी भुरी (पानावरची पिठासारखी पांढरी बुरशी) म्हणून गंधक सुचवलंय. फवारणीआधी पान उलटं करून बोटाने पुसून बघा. भुरी पिठासारखी निघते. फोड चामखिळीसारखा घट्ट बसला असेल आणि वरच्या बाजूला नेमक्या त्याच जागी फिकट पिवळा, किंचित खोलगट ठिपका असेल, तर तो पांढरा तांबेरा, पुक्सिनिया होरियाना नावाच्या बुरशीचा रोग. (पांढरा आणि तांबेरा, नावातच गोंधळ!) बोटाला तपकिरी पूड लागली तर तांबेरा दुसरा.

मूळचा हा जपानचा. 1960 च्या दशकात इंग्लंडला पोचला तो रोपांबरोबर. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला जीवनचक्र पुरं करायला गव्हाखेरीज दुसऱ्या जातीचं झाडही लागतं, याला नाही. सगळं आयुष्य शेवंतीवरच. त्याला हवा गारवा, साधारण 17 अंश, आणि पानावर काही तास टिकलेलं पाणी. कोरड्या हवेत याचे उडणारे बीजाणू (बुरशीचं बारीक बी) काही मिनिटांत मरतात.

म्हणून आमच्या म्हापशाच्या उकाड्यात तो मूळ धरील असं मला वाटत नाही. पण रोप बाहेरून आलेलं असलं तर रोग आधीच आत असू शकतो, आठ-दहा दिवसांनी फोड दिसतात. माझ्या चार कुंड्या अशाच गेल्या, विकणारा म्हणे, "पावसाचं पाणी लागलंय."

रोगट पानं जाळा, कंपोस्टात नको. पाणी सकाळी, तेही बुंध्याशी. नवी रोपं पंधरा दिवस तरी वेगळी ठेवा. आणि हो, जमलं तर पानाच्या खालच्या बाजूचा फोटो टाका.