सर्वोत्तम स्टँडअप कलाकार कोण, आणि निकष कोणता लावायचा?

सातपूरकर
हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं धरून भारतातले पहिले पाच स्टँडअप कलाकार निवडायचे तर कोणते? नुसती नावं नकोत, कशावरून निवडलीत तेही लिहा. 'मला जास्त हसू आलं' म्हटलं की वाद तिथेच अडतो. आणखी दोन गोष्टी: पुलंना आणि लक्ष्मण देशपांड्यांना या यादीत धरायचं का? आणि 'हास्यजत्रे'तल्या मंडळींचं काय?

तिसरी रांग
आधी शेवटचे दोन प्रश्न घेतो, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात.

'हास्यजत्रा' किंवा 'चला हवा येऊ द्या' ही प्रहसनं. समोर दुसरा नट असतो, त्याच्या चेहऱ्यावरही हशा मिळतो. स्टँडअपमध्ये समोरचा नट म्हणजे प्रेक्षकच. त्यांनी हसून उत्तर दिलं नाही तर पुढचं वाक्य टाकायला जागाच उरत नाही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी करत. ती अफाट ताकद, पण नटाची: पात्रं दिसतात, देशपांडे दिसेनासे होतात. स्टँडअपवाला स्वतःच्या नावाने, स्वतःचं म्हणणं मांडत उभा असतो. पुलं या दोन्हींच्या मधोमध आहेत. पात्रं रंगवताना ते नट असतात, पण दोन पात्रांमध्ये प्रेक्षकांशी थेट बोलतात तेव्हा ते आजच्या स्टँडअपचे थोरले भाऊ वाटतात. तरी एकपात्रीची यादी वेगळी करावी. एकाच फूटपट्टीने मोजलं तर दोघांवरही अन्याय होतो.

आता निकष. पहिला आणि सगळ्यात मोठा: सलग एक तास. पाच मिनिटं पुष्कळांना जमतात, वीस मिनिटं थोड्यांना. तासभर धरून ठेवायचं तर नुसते विनोद पुरत नाहीत, त्या माणसाकडे म्हणणं लागतं. हा तास तयार कसा होतो तेही बघा. ओपन माइकला, म्हणजे कुणीही मंचावर येऊन नवे विनोद तपासून बघू शकतो अशा कार्यक्रमात, चार-पाच मिनिटं मिळतात. त्यात नवीन दहा विनोद नेले तर एखाद-दोन टिकतात. ते घासून पुढच्या वेळी पुन्हा. असं करत तास उभा राहायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि तो एकदा रेकॉर्ड होऊन बाहेर आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. अमेरिकेत जॉर्ज कार्लिन या स्टँडअप कलाकाराने १९७७ ते २००८ या काळात एचबीओ वाहिनीवर असे १४ कार्यक्रम केले. म्हणून एका गाजलेल्या तासावर कुणाला पहिला नंबर देऊ नये, दुसरा आणि तिसरा तास बघावा.

दुसरा निकष बांधणी. मराठी आणि हिंदीत इथे एक खास अडचण आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, आणि हसवणारा शब्द त्याच्या आधी येऊन जातो. उदाहरण घ्या:

'आहेराचं पाकीट उघडलं तर आत मागच्या वर्षी आपल्याच आईने लिहून दिलेलं पाकीट निघालं.'

इथे 'आईने' पाशीच कळलं, पण वाक्य अजून चाललंय. लोक हसायला थांबतात आणि हसू सैल पडतं. तेच असं फोडा:

'आहेराचं पाकीट उघडलं. आत अजून एक पाकीट. त्यावर अक्षर कुणाचं? आईचं.'

कळीचा शब्द शेवटी आला, त्यानंतर शांतता. हशा ओसरायला लागला की टॅग, म्हणजे त्याच विनोदाला जोडलेलं पुढचं छोटं वाक्य: 'आईने घातले होते पाचशे एक. निघाले एकशे एक.' टॅग लवकर टाकला तर हशाखाली बुडतो, उशीर झाला तर थंड होतो. हशा अर्ध्यावर उतरला की ती वेळ. मग वीस मिनिटांनी, दुसऱ्याच विषयात, 'एकशे एक' एवढाच शब्द आला की सगळं सभागृह जोडलं जातं. त्याला कॉलबॅक म्हणतात. एका तासात असे तीन-चार कॉलबॅक जमले तर तो तास बांधलेला आहे. नाहीतर ती सुट्या विनोदांची माळ.

या दोन निकषांवर माझ्या यादीत झाकीर खान वर येतो. इंदूरचा, सारंगीवादकांच्या घराण्यातला. कुठे थांबायचं हे त्याला गाणाऱ्या माणसासारखं कळतं. त्याच्या गोष्टी लांब असतात, पंच (हशा आणणारी वाक्यं) थोडे, पण प्रत्येक पंच सुटा आणि शेवटी. दुसरा अभिषेक उपमन्यू. त्याच्याकडे उलट आहे: गर्दी, वेग, टॅगवर टॅग. तिसरा बिस्व कल्याण रथ, कारण साध्या निरीक्षणातून तो तर्क ओढत ओढत कुठल्या कुठे नेतो.

गोदाकाठची
बांधणीचा मुद्दा पटला, यादी अपुरी वाटली. २००५च्या 'ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'ने घराघरांत स्टँडअप नेलं. ती स्पर्धा आपल्या विदर्भातले सुनील पाल जिंकले. राजू श्रीवास्तव जिंकले नाहीत, तरी त्यांचं गजोधर हे पात्र लोकांच्या जास्त लक्षात राहिलं. म्हणजे स्पर्धेचा निकाल हा निकष होऊ शकत नाही, पण पात्र टिकतं का हा नक्कीच होतो. आणि जॉनी लिव्हर यांना वगळून यादी होतच नाही! हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करता करता आडनाव मिळालं, पुढे कल्याणजी-आनंदजींच्या ताफ्यात. गाण्याच्या कार्यक्रमात लोक गाणी ऐकायला आलेले असतात, विनोद ऐकायला नाही. तिथे हशा मिळवणं हे आजच्या तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपेक्षा कितीतरी अवघड.

बायकांचं एकही नाव नाही हेही खटकलं. पुण्याच्या अदिती मित्तलचा नेटफ्लिक्सवरचा तास २०१७चा. तेव्हा या क्षेत्रात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सुमुखी सुरेश पात्र आणि स्टँडअप दोन्ही सांभाळते. ही दोन नावं कोणत्याही पहिल्या दहांत हवीत.

रंगमंच मागचा
कलाकार तोलताना सभागृह विसरू नका. नाशिकमध्ये एकच माणूस दोन ठिकाणी दोन प्रकारचा वाटू शकतो. कालिदास कलामंदिर नाटकासाठी बांधलेलं: मंच उंच, पहिली रांग लांब, बाल्कनी वर. दोनशेच माणसं आली आणि ती विखरून बसली तर हशा एका कोपऱ्यातून दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या एखाद्या साठ-सत्तर खुर्च्यांच्या खोलीत तोच विनोद भिंती हलवतो. हसू शेजाऱ्याच्या खांद्याकडून येतं, म्हणून कुणी आयोजन करत असाल तर:

बाल्कनी बंद ठेवा, माणसं पुढून भरत न्या, मधली रांग रिकामी सोडू नका. पहिली रांग मंचापासून सहा-सात फुटांच्या आत. प्रेक्षकांवरचा उजेड जवळजवळ बंद, कारण शेजारी बघतोय असं वाटलं की माणूस हात राखून हसतो. सभागृहाच्या मधोमध एकदा टाळी वाजवून बघा. घुमत असेल तर आवाज वाढवू नका, उलट कमी करा आणि स्पीकर माणसांच्या जवळ आणा. घुमणाऱ्या सभागृहात वाक्याचा शेवटचा शब्द खाल्ला जातो, आणि वर 'तिसरी रांग' यांनी लिहिलंय तसं, सगळी मदार त्याच शब्दावर असते. माइक साधा वायरचा, शुअर एसएम ५८ सारखा. कॉलर माइक नको: मान वळली की आवाज जातो. एक जादा माइक आणि वायर बाजूला तयार ठेवा. मुख्य कलाकाराआधी सूत्रसंचालकाला सात ते दहा मिनिटं द्या, म्हणजे उशिरा येणारे तेवढ्यात बसून घेतात.

खुल्या पटांगणात तर फारच कठीण. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत वक्ता रंगतो, कारण व्याख्यानाला शांतता चालते. स्टँडअपला हशा परत कानावर यावा लागतो, उघड्यावर तो वर निघून जातो. गणपतीत मंडळाच्या मंचावर कुणी पडला म्हणून त्याला यादीतून काढू नका.

सातपूरकर
हे फार उपयोगी. मग रील्सवरून मत बनवणं कितपत बरोबर? हल्ली सगळीकडे क्राउडवर्कच, म्हणजे कलाकाराने प्रेक्षकांशी मारलेल्या गप्पाच, दिसतात.

तिसरी रांग
अजिबात बरोबर नाही. क्राउडवर्क टाकतात कारण लिहिलेला विनोद एकदा इंटरनेटवर गेला की प्रयोगात त्याची धार जाते. प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा पुन्हा वापरायच्याच नसतात, म्हणून त्या मोफत देता येतात. शिवाय अर्ध्या तासाच्या गप्पांतले चाळीस सेकंद तुमच्यापर्यंत येतात, फसलेले प्रश्न कापलेले असतात.

स्वतः तपासायचं असेल तर पूर्ण कार्यक्रम एका बैठकीत लावा आणि दहा मिनिटं निवडून कागदावर प्रत्येक हशाला एक रेघ मारा. मिनिटाला चार ते सहा रेघा हा धंद्यातला नेहमीचा हिशेब. गोष्ट सांगणाऱ्यांच्या, म्हणजे झाकीर किंवा अनुभव सिंग बस्सी यांच्या, रेघा कमी येतील. तिथे हशा किती लांब टिकला ते बघा. टाळ्या मात्र वेगळ्या मोजा. टाळी म्हणजे 'पटलं', हशा म्हणजे 'अनपेक्षित होतं'. ज्याच्याकडे टाळ्याच जास्त, तो भाषणाकडे झुकलाय.

'गोदाकाठची' यांचं जॉनी लिव्हर यांच्याबद्दलचं म्हणणं मान्य, चौथी जागा त्यांची. वीर दासला मी बाहेर ठेवत होतो, पण २०२३चा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळालेला त्याचा 'लँडिंग' हा तास बांधणीसाठी बघाच. पाचवा तो. अदिती आणि सुमुखी दहात, हेही मान्य.

गोदाकाठची
आणि मराठी?

तिसरी रांग
भाडिपा या यूट्यूब चॅनेलने मराठी स्टँडअपला प्रेक्षक मिळवून दिला. मंदार भिडे, ओंकार रेगे यांच्यापासून सुरुवात करा. क्लिपवर थांबू नका, पूर्ण प्रयोग बघा, आणि ऐकताना एवढंच टिपा: हशा आला त्या वाक्याचा शेवटचा शब्द क्रियापद होता का. जो सलग दहा मिनिटं शेवटी येणारं क्रियापद टाळून बोलतो आणि तरीही घरातल्यासारखंच मराठी बोलतो, त्याच्यासाठी मी वीर दासची पाचवी जागा रिकामी करायला तयार आहे.