चेकडिस्क आत्ता नको
बिघडत चाललेल्या हार्ड डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय. कळकळीने सांगतो, थांबा. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे छोटे तुकडे), वाढत असेल तर डिस्कच मरतेय. दुरुस्ती करताना चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहितं, खराब जागा चाचपत बसतं आणि उरलंसुरलंही जातं.

तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची दुसरी डिस्क आणा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने अख्खी प्रत काढा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेले सेक्टर मागे ठेवतं. मॅपफाइल, म्हणजे कुठवर प्रत झाली याची त्याची नोंद, मात्र तिसऱ्या जागी, या दोन्ही डिस्क सोडून, ठेवा. नाहीतर पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये ती रॅममध्येच राहते आणि लाइट गेली की सगळं पहिल्यापासून! दुरुस्ती काय ती प्रतीवर.

टकटक आवाज येतोय? मग हेच काय, काहीच करू नका, वायर काढा. बिघडलेलं हेड (वाचणारा भाग) प्लॅटर, म्हणजे डेटा असलेली तबकडी, खरवडतं.